दुर्बीण माळ्यावर जाण्याआधी

तारा सापडत नाही, सापडला तर थांबत नाही! नवशिक्यांना छळणारी दुर्बिणीची ‘तिरकी’ बैठक एकदा समजून घेतली, तर तीच सर्वात मोठी मदतनीस ठरते.

हौसेनं घरात आलेल्या आणि चार दिवसांत माळ्यावर चढलेल्या वस्तूंची यादी केली, तर बाजाची पेटी आणि व्यायामाची सायकल यांच्या शेजारी एक लांबट खोकंही सापडण्याची शक्यता असते. त्या खोक्यात असते दुर्बीण. मुलाचा वाढदिवस, मुलीला शाळेत मिळालेलं बक्षीस किंवा एखाद्या ग्रहणाच्या निमित्तानं घरात शिरलेली आकाशाची ओढ, काहीतरी कारण होतं आणि दुर्बीण येते. पहिल्या रात्री चंद्र दिसतो. आजी-आजोबांपासून शेजारच्या चिमुरड्यांपर्यंत सगळे गच्चीवर रांग लावतात. दुसऱ्या रात्री एखादा तारा किंवा तारकागुच्छ शोधायचं ठरतं आणि तिथं घोडं अडतं. नळी हवी तिकडे वळत नाही. वळली तर तारा सापडत नाही. सापडला तर ‘बाबा, तुम्ही बघा’ म्हणेपर्यंत निसटून गेलेला असतो. चौथ्या रात्री दुर्बीण खोक्यात परत जाते.

यात पैसे वाया जातात, ते खरंच. पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मनात ‘हे आपल्याला जमण्यातलं नाही’ ही गाठ पक्की बसते. वास्तविक दोष ना मुलाचा असतो, ना बहुतेक वेळा दुर्बिणीचा. घोटाळा होतो तो नळीखालच्या विचित्र दिसणाऱ्या सांगाड्यामुळे. एका बाजूला झुकलेला दांडा, त्याला लटकणारं वजन, दोन गोल तबकड्या आणि लांब मुठीचे स्क्रू. या सांगाड्याला विषुववृत्तीय बैठक म्हणतात. ती समजून घ्यायला एक संध्याकाळ पुरते.

तारे पळतात, कारण आपण फिरतो

पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे चौथीतलं पोरही सांगेल. पण दुर्बिणीला डोळा लावेपर्यंत त्या फिरण्याचा वेग जाणवत नाही. ताऱ्यांच्या हिशेबानं पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते. म्हणजे आकाश तासाला सुमारे १५ अंश पश्चिमेकडे सरकतं, चार मिनिटांत एक अंश. चंद्राचं बिंब अर्ध्या अंशाचं असतं. तेव्हा आकाश दर दोन मिनिटांत एका चंद्राएवढं सरकतं असं म्हणायला हरकत नाही.

नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही. पण दुर्बिणीनं ९० पट मोठं केलेलं आकाश जेमतेम अर्ध्या अंशाचं असतं. मधोमध आणलेला तारा एक-सव्वा मिनिटात कडेला पोचतो आणि दिसेनासा होतो. साध्या तिपाईवर दुर्बीण असेल, तर त्याच्या मागे जाण्यासाठी नळी एकाच वेळी आडवीही फिरवावी लागते आणि उभीही. दोन्ही हातांचा मेळ बसेपर्यंत तारा पसार!

विषुववृत्तीय बैठकीनं यावर साधी तोड काढली आहे. तिच्यात दोन अक्ष असतात. त्यातला एक, ध्रुवाक्ष, पृथ्वीच्या अक्षाला समांतर तिरका ठेवायचा. पृथ्वी ज्या रेषेभोवती पूर्वेकडे फिरते, तिच्याच समांतर रेषेभोवती दुर्बीण पश्चिमेकडे वळवायची. फिरणं फिरण्यानंच रद्द होतं! मग दोन हातांची कसरत उरत नाही. एकच मूठ हलकेच फिरवत राहिलं की तारा जागच्या जागी.

जंतरमंतरची भिंत आठवते?

हे तत्त्व परदेशी खोक्यातून आलेलं वाटलं, तरी ते आपल्याकडे दगडा-चुन्यात उभं आहे. जयपूरच्या सहलीत जंतरमंतर बघितलेल्यांना तिथलं सम्राट यंत्र आठवत असेल. सुमारे २७ मीटर उंचीची ती जिन्याची तिरकी भिंत सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधून घेतली. तिचा उतार जयपूरच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे २७ अंशांचा आहे आणि तिचं टोक आकाशातल्या उत्तर ध्रुवाकडे रोखलेलं आहे. दिल्ली आणि उज्जैनच्या सम्राट यंत्रांचे उतार त्या त्या गावाच्या अक्षांशाप्रमाणे वेगळे. आपल्या दुर्बिणीचा तिरका दांडा म्हणजे या भिंतीची छोटी, हलती आवृत्तीच.

दुर्बिणीला ही बैठक आज दिसते त्या रूपात दिली ती जर्मनीच्या योसेफ फ्राउनहोफर यांनी. काचकाम आणि भिंगं यांत हातखंडा असलेल्या या माणसानं १८२४ मध्ये दोर्पात, म्हणजे आजच्या एस्टोनियातलं तार्तू, इथल्या वेधशाळेसाठी २४ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण तयार केली. तिच्या बैठकीला एका बाजूला नळी आणि दुसऱ्या बाजूला तोलाचं वजन होतं. घड्याळासारखी यंत्रणा ती आपोआप फिरवत असे. याच दुर्बिणीनं विल्हेल्म स्ट्रूव्ह यांनी हजारो जोडताऱ्यांची नोंद केली. आज नवशिक्यांच्या दुर्बिणींबरोबर मिळणारी बैठक याच ‘जर्मन’ पद्धतीची असते.

आपल्याकडे पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रा. कावसजी नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. तिथली २० इंची आरशाची दुर्बीण १९१२ मध्ये कोडाईकनालला गेली. तमिळनाडूतल्या कावलूरची, १९८६ पासून काम करणारी २.३४ मीटर व्यासाची वेणू बाप्पू दुर्बीणही विषुववृत्तीय बैठकीवरच फिरते. अलीकडच्या मोठ्या दुर्बिणी, उदाहरणार्थ जुन्नरजवळच्या गिरवलीची आयुकाची दोन मीटरची दुर्बीण, संगणकाच्या मदतीनं दोन्ही अक्ष एकदम फिरवतात. संगणक नसलेल्या घरगुती दुर्बिणीला मात्र तिरक्या दांड्याचीच साथ.

पहिला धडा दिवसाउजेडी

नव्या दुर्बिणीची जोडणी अंधारात करू नये. एखादा स्क्रू गच्चीवरून गडगडला की संपलंच. दिवसा, घरात, सतरंजी अंथरून जोडणी करावी. मग दोन कामं.

पहिलं, तोल. वजनाचा दांडा आडवा धरून ध्रुवाक्षाची कळ सैल करावी. नळी खाली झुकत असेल तर वजन थोडं बाहेर सरकवावं, वजन झुकत असेल तर आत. हात सोडल्यावर सगळं स्थिर राहिलं की तोल जमला. मग दुसऱ्या अक्षाची कळ सैल करून नळी तिच्या कड्यांमध्ये पुढे-मागे सरकवून तसाच तोल साधावा. तोल नसलेली दुर्बीण हात सोडताच घसरते आणि दोष ताऱ्याला जातो!

दुसरं, शोधक. मोठ्या नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण म्हणजे शोधक. मोठ्या दुर्बिणीतून दूरची पाण्याची टाकी, देवळाचा कळस किंवा मोबाईलचा मनोरा मधोमध आणावा. नंतर शोधकाचे स्क्रू फिरवून तीच वस्तू त्याच्या फुलीवर आणावी. किमान अर्धा किलोमीटर दूरची खूण निवडावी. बहुतेकांच्या दुसऱ्या रात्रीच्या निराशेचं मूळ न जुळवलेल्या शोधकात असतं. चित्र उलटं दिसलं तर घाबरू नये. खगोलीय दुर्बिणीत ते उलटंच दिसतं. ताऱ्याला कुठं डोकं आणि पाय असतात?

आपल्या गावाचा आकडा

आता बैठकीचा कणा. ध्रुवाक्षाचा तिरकेपणा आपल्या गावाच्या अक्षांशाएवढा हवा. बैठकीच्या बाजूला अंशांची पट्टी असते, तिच्यावर हा आकडा लावायचा. पणजीला साडेपंधरा, पुण्याला साडेअठरा, मुंबईला १९, नागपूरला २१, बडोदा आणि इंदूरला बावीस-साडेबावीस, दिल्लीला साडेअठ्ठावीस, हैदराबादला साडेसतरा, बंगळुरू-चेन्नईला १३. एकदा लावलेला आकडा गाव बदलेपर्यंत हलवायचा नाही.

इथं आपल्याकडची एक खास अडचण. बरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकांतली चित्रं बहुधा उत्तरेकडच्या देशांना धरून काढलेली असतात. त्यात दांडा बराच उभा दिसतो. आपल्याकडे तो जवळजवळ आडवा पडतो. ‘काहीतरी चुकलं’ असं वाटून लोक तो उचलून ठेवतात आणि सगळं गणित बिघडतं. दक्षिणेकडच्या शहरांत काही बैठकींचं वजन तिपाईच्या पायाला अडतं. अशा वेळी तिपाईच्या दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेला येईल अशी ती फिरवून ठेवावी.

आता दांड्याचं वरचं टोक उत्तरेला, ध्रुवताऱ्याकडे रोखायचं. ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाएवढ्या उंचीवर असतो. हात ताठ करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची. म्हणजे मुंबई-पुण्यात क्षितिजापासून दोन मुठी, दिल्लीत जवळजवळ तीन, बंगळुरूत सव्वा मूठ. सप्तर्षींच्या चौकोनातले पुलह आणि क्रतू हे तारे जोडून ती रेषा सुमारे पाचपट पुढे नेली की ध्रुव सापडतो. सप्तर्षी मावळलेले असतील, तर उत्तरेच्या आकाशातली शर्मिष्ठा दिशा दाखवते. ध्रुवतारा फार तेजस्वी नाही आणि नेमक्या ध्रुवबिंदूवरही नाही. तो सुमारे पाऊण अंश बाजूला आहे. नुसतं बघण्यासाठी एवढा फरक चालतो.

पण शहरात धूर, धूळ आणि समोरची इमारत यांत ध्रुव दिसलाच नाही तर? मग दिनदर्शिका हाती घ्यावी. तिच्यात सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा असतात. त्यांचा मध्य काढायचा. समजा सूर्योदय सकाळी ६.४० ला आणि सूर्यास्त संध्याकाळी ६.२० ला आहे, तर मध्य दुपारी १२.३० येतो. त्या क्षणी गच्चीवर ओळंब्याची, म्हणजे दोरीला टांगलेल्या वजनाची, सावली बरोबर उत्तर-दक्षिण पडते. तिच्यावर खडूनं रेघ ओढून ठेवली की काम झालं. मुंबईत हा खरा मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आगेमागे येतो, कोलकात्यात मात्र बारा वाजण्याआधीच. हे काम हिवाळ्यात करावं. मे ते जुलैत सूर्य डोक्यावर असतो आणि सावली पायाशी घोटाळते. होकायंत्रही चालतं, पण ते लोखंडी कठडा, टाकी आणि दुर्बिणीचा सांगाडा यांच्यापासून लांब धरायला हवं.

दोनच मुठी, बाकी हात लावायचा नाही

दांडा ध्रुवाकडे रोखला की तिपाई आणि अक्षांशाचा स्क्रू यांना हात लावायचा नाही, हा सोन्यासारखा नियम. नवशिके नेमके इथं चुकतात. तारा थोडा वर दिसला की अक्षांशाचा स्क्रू पिळतात, बाजूला दिसला की तिपाई सरकवतात. मग ध्रुवाक्ष ध्रुवाकडे राहत नाही आणि ती महागडी बैठक साध्या तिपाईपेक्षाही अवघड होऊन बसते.

हलवायच्या त्या दोनच गोष्टी. जमिनीवर गावाचा पत्ता अक्षांश-रेखांशांत सांगतात, तसा आकाशातला पत्ता क्रांती आणि विषुवांशांत. क्रांती म्हणजे आकाशातल्या विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश ते. विषुवांश पूर्व-पश्चिमेचा हिशेब ठेवतो आणि तो तास-मिनिटांत मोजतात. बैठकीचा एक अक्ष फिरवला की फक्त विषुवांश बदलतो, दुसरा फिरवला की फक्त क्रांती. लांबचा पल्ला गाठताना दोन्ही कळा सैल करून नळी हातानं वळवावी. तारा शोधकात आला की कळा आवळाव्यात आणि पुढचं बारीक काम मुठींवर सोपवावं. नळी कधी अडली, तर ती दांड्याच्या दुसऱ्या बाजूनं फिरवून आणावी.

या पद्धतीची गंमत अनुभवायला व्याधासारखा गुरू नाही. रात्रीच्या आकाशातला हा सर्वात तेजस्वी तारा. त्याची क्रांती दक्षिण १६.७ अंश, विषुवांश ६ तास ४५ मिनिटं. कमी वर्धनाच्या नेत्रिकेत व्याध मधोमध आणावा. विषुवांशाची कळ घट्ट करावी आणि फक्त क्रांतीची मूठ फिरवून चार अंश दक्षिणेला उतरावं. काळ्या आकाशावर ताऱ्यांची एक छोटी पुंजकी दिसू लागते. हा मेसिए ४१ हा तारकागुच्छ. त्याचा विषुवांश व्याधाच्या जवळजवळ बरोबरीचा, म्हणून एकच मूठ पुरते.

दुसरा धडा मृगाचा. मृगाच्या पोटात रुतलेल्या त्रिकांड बाणाचे तीन तारे सगळ्यांना ठाऊक असतात. त्यातला वायव्येकडचा तारा, मिंटाका, आकाशाच्या विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे. त्याच्यापासून पाच अंश दक्षिणेला आणि किंचित पूर्वेला सरकलं की मृगातला तेजोमेघ हाती लागतो. तिथं सुमारे तेराशे प्रकाशवर्षांवर नवे तारे जन्म घेताहेत. जूनमध्ये ‘मृग लागतो’ तेव्हा मात्र हे नक्षत्र शोधू नये. त्या वेळी सूर्यच त्याच्या आसपास असतो. संध्याकाळनंतर मृग निवांत बघायचा तो जानेवारी ते मार्चमध्ये.

बैठकीवरच्या तबकड्यांनीही तारे शोधता येतात. ओळखीच्या ताऱ्यावर दुर्बीण रोखून विषुवांशाची तबकडी त्याच्या आकड्यावर आणायची आणि मग हव्या त्या आकड्यांकडे जायचं. पण छोट्या तबकड्या ढोबळ असतात. त्या मोहल्ल्यापर्यंत नेतात, दारापर्यंत नाही. शेवटची शोधाशोध डोळ्यांनीच. ताऱ्यांचे आकडे आज मोबाईलवरच्या नकाशांत आणि ‘स्टेलॅरियम’सारख्या मोफत संगणक-प्रणालीत सहज मिळतात.

अपेक्षा किती ठेवाव्या?

खोक्यावरची रंगीत चित्रं विसरून जाणं बरं. नवशिक्यांची एक नेहमीची दुर्बीण घेऊ. ११४ मिलिमीटर व्यासाचा आरसा, ९०० मिलिमीटर नाभीय अंतर. २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की ३६ पट वर्धन मिळतं, १० मिलिमीटरची लावली की ९० पट. व्यासाच्या मिलिमीटरांची दुप्पट, इथं सव्वादोनशेच्या आसपास, ही वर्धनाची व्यवहारातली कमाल मर्यादा. त्यापुढचे पाचशे-सहाशे पटींचे दावे फक्त धूसरपणा वाढवतात. शोध घेताना नेहमी कमी वर्धनाची नेत्रिका लावावी.

तारा कितीही मोठ्या दुर्बिणीतून पाहिला तरी ठिपकाच दिसतो. मग त्यात पाहायचं काय? जोडतारे. लग्नात नवरा-नवरीला दाखवतात ती वसिष्ठ-अरुंधतीची जोडी घ्या. दुर्बिणीतून वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघतो! ही गोष्ट सतराव्या शतकातच लक्षात आली होती. हंस तारकासमूहातल्या अल्बिरिओच्या जोडीत एक सोनेरी, दुसरा निळसर. गुरूचे चार चंद्र रोज जागा बदलताना दिसतात. शनीची कडी २०२५ मध्ये जवळजवळ काठावरून दिसली. त्यानंतरच्या वर्षांत ती पुन्हा उघडत जातात. देवयानी दीर्घिका मात्र शहरातून पुसट डागच वाटेल. पण त्या डागाचा प्रकाश निघून २५ लाख वर्षं झाली, हे सांगितल्यावर तो डाग डाग राहत नाही.

एक गोष्ट मुलांना आधी बजावावी. दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नये. क्षणभरात डोळा कायमचा जाऊ शकतो. नेत्रिकेला लावायचा ‘सूर्याचा फिल्टर’ बरोबर आला असेल, तर तो वापरू नये; उष्णतेनं तो तडकतो. दिवसा दुर्बीण मुलांच्या हाती एकटी सोडू नये. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. तेव्हा ती कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी. आरशावर धूळ दिसली म्हणून रुमालानं पुसायला जाऊ नये.

सोबत हवी

हा छंद एकट्यानं सुरू करण्यापेक्षा जाणत्यांच्या संगतीनं केलेला बरा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच काम करते आहे. मुंबईच्या खगोल मंडळानं वांगणीसारख्या ठिकाणी रात्रभराच्या आकाशदर्शनाची परंपरा रुजवली. दिल्ली, बंगळुरूसारख्या शहरांतही हौशी मंडळींच्या संस्था आहेत आणि तारांगणांमधूनही मार्गदर्शन मिळतं. विकत घेण्याआधी अशा ठिकाणी दुर्बीण हाताळून बघावी. केवळ हौसेनं चंद्र-ग्रह बघायचे असतील, तर डॉब्सन पद्धतीची साधी बैठक सोपी पडते. ताऱ्याचा पाठलाग करायचा, पुढे छायाचित्रं काढायची, तर विषुववृत्तीय बैठक घ्यावी.

शहराचा उजेड हा या छंदाचा खरा वैरी. २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या अंधाऱ्या आकाशाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट. पण जोडतारे आणि ग्रहांना तेवढा अंधार लागत नाही. त्यांना गच्चीचा एखादा अंधारा कोपरा पुरतो.

आणि त्या कोपऱ्यात मुलांबरोबर एक प्रयोग जरूर करावा. मिंटाका दुर्बिणीत पूर्वेकडच्या कडेला आणावा, मुठीला हात लावू नये आणि तो मधून जात पश्चिमेच्या कडेला नाहीसा होईपर्यंतचा वेळ घड्याळात मोजावा. ३६ पटींच्या नेत्रिकेत साधारण पाच-साडेपाच मिनिटं लागतात. त्या मिनिटांना चारनं भागलं की आपल्या दुर्बिणीतून किती अंश आकाश दिसतं ते कळतं. पुढे मूठ फिरवून तोच तारा पुन्हा मधोमध आणावा आणि जितका वेळ जमेल तितका तिथंच धरून ठेवावा. हाताखाली पृथ्वी फिरते आहे हे पुस्तकात वाचलेलं वाक्य त्या वेळी मुलाच्या बोटांना कळतं.